विमानतळामागची चहाची गाडी : भजी बरी, चहा भारी, आवाजाचा विषय हार्ड

कोल्हापुरात विमान बघायला कुठं जायचं असं विचारलं की लोक सरळ उजळाईवाडीच्या नव्या टर्मिनलला जा म्हणतात. टर्मिनल झालंय झकासच, 2024 च्या मार्चमध्ये उद्घाटन झालं, दगडी कमानी वगैरे, फोटो काढायला पब्लिक असतंच. पण तिथनं विमान कुठं दिसतंय ओ? दिसतं ते पार्किंग आणि बॅगा ओढणारी माणसं. विमान बघायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऐकायचं असेल, तर मागच्या अंगाला या. गोकुळ शिरगावकडनं तामगावच्या बाजूला जाताना कुंपणाच्या जवळपास एक चहाची गाडी लागते, निळी ताडपत्री, दोन बाकडी, एक प्लास्टिकचं टेबल ज्याचा एक पाय कायम विटेवर असतो. त्या गाडीचा हा रिव्ह्यू. गाडीला नाव नाही, बोर्ड नाही, गूगल मॅपवर शोधू नका.

गाडी चालवतात एक मामा आणि मावशी. मावशी कढईवर, मामा चहावर आणि आकाशावर.

आधी खाण्याचं सांगून टाकतो म्हणजे मोकळा होतो. चहा एक नंबर, निम्मं दूध, आलं ठेचून, वेलदोडा वगैरे लाड नाहीत. दूध चांगलं नसेल तर कोल्हापुरात चहाची गाडी चालणारच नाही म्हणा, त्यामुळं त्याचं फार कौतुक नको. कांदाभजी गरम असताना घेतली तर भारी, पण परातीत पडून राहिलेली देऊ लागले तर स्पष्ट सांगायचं "मावशी, ताजी टाका की", त्या टाकतात, तोंड जरा वाकडं करून पण टाकतात. वडा मला नाही आवडला, आतली भाजी पिठूळ. कट असतो फक्त रविवारी आणि तो मात्र चुकवू नका, नाकातनं पाणी येतं. खाण्याला पाचात साडेतीन. नुसतं खायलाच जायचं असेल तर गावात ढीग जागा आहेत, इथंवर पेट्रोल जाळायची गरज नाही.

आता मुद्द्याचं.

ही जागा धावपट्टीच्या दक्षिणेला येते. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, जरा तिरकी, नंबर 07 आणि 25. म्हणजे गाडीजवळ उभं राहून उत्तरेकडं बघितलं की वर्षातले बहुतेक महिने ऊन आपल्या पाठीवर आणि विमानाच्या अंगावर, त्यामुळं रंग, नंबर, शेपटीवरचं चित्र सगळं लख्ख दिसतं. फक्त मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरनं उत्तरेला सरकतो, तेव्हा हा फायदा जातो, पण तेवढ्यात पाऊस लागतो आणि ऊनच नसतं. उजळाईवाडी किंवा मुडशिंगीच्या बाजूनं बघणाऱ्यांना हेच ऊन डोळ्यात येतं. फोटोवाल्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण एक मोठी अडचण आहे आणि ती कुठल्याच विमानवेड्या पोरानं मला आधी सांगितली नव्हती. ऊस! गाडीच्या आणि कुंपणाच्या मधे ऊस आहे. उन्हाळ्यात खोडवा (तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) गुडघ्याएवढा असतो तेव्हा टायर धावपट्टीला टेकताना उडणारा धूरसुद्धा दिसतो. दिवाळीला बघायला जावा, नुसती शेपटी पळताना दिसते, खाली हिरवी भिंत. आणि शेतकऱ्यानं आडसाली लावला असला तर मग झालंच, चौदा-सोळा महिने उभा. मामांना विचारलं तर म्हणतात, "टोळी आली की दिसंल." म्हणजे विमान दिसणार की नाही हे कारखान्याच्या तोडीच्या प्रोग्रॅमवर अवलंबून, असलं जगात फक्त आपल्याकडंच असणार. त्यामुळं बघायला जाणाऱ्यांनी तोडणी झाल्यावर, जानेवारी ते मे. ऐकायला जाणाऱ्यांनी कधीही जावं, कारण आवाजाला ऊस आडवा येत नाही.

आणि मी ही जागा ऐकण्यासाठीच सुचवतोय.

रोजची विमानं म्हणजे एटीआर 72 आणि स्टार एअरची एम्ब्रेअर. एटीआरचा आवाज आता आख्ख्या गोकुळ शिरगावला पाठ असेल, सहा पात्यांचे दोन पंखे, उतरताना घुर्रर्र आणि टेकल्यावर पात्यांचा कोन उलटा केला की एकदम खर्जात जातो तो. पण गाडीवर बसून ऐकण्यासारखी गंमत वेगळीच आहे. एटीआर उभं असतं, माणसं मागच्या दारानं चढत असतात, पंखे गप्प, आणि तरी एक इंजिन शिट्टीसारखं किंचाळत असतं. मला लई दिवस वाटायचं हे कुठनं येतंय. तर ह्या विमानाला शेपटीत वेगळं छोटं इंजिन नसतं, मोठ्या विमानात असतं तसलं, म्हणून उजव्या बाजूच्या पंख्याला ब्रेक लावून आतलं इंजिन चालूच ठेवता येतं, त्याच्यावर लाईट आणि एसी चालतो. ह्याला हॉटेल मोड म्हणतात. हे कळल्यावर बघायला जास्त मजा येते, पाती थांबलेली आणि आवाज चालू. वारा आपल्याकडं असेल तर टेबलावरचा ग्लास उचलला की बोटाला थरथर लागते.

आणखी एक, हे फक्त पावसाळ्यात. श्रावणात हवा ओली असली की एटीआर उडताना पात्यांच्या टोकांपासनं पांढरी वाफेची वेटोळी निघतात, स्प्रिंगसारखी मागं सरकत जातात, दोन-तीन सेकंदच, की गायब. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं असतं म्हणून विमानं बहुतेक पूर्वेकडनं उतरतात आणि पश्चिमेकडं तोंड करून उडतात, तेव्हा बाकड्याच्या डाव्या टोकाला बसा.

एम्ब्रेअर दोन प्रकारची. 145 म्हणजे ती बारीक लांबडी, 50 सीटची, इंजिनं मागं शेपटीजवळ. आणि 175 म्हणजे 76 सीटची, इंजिनं पंखाखाली. येताना दोन्ही बऱ्यापैकी शांत, पण 145 उडून गेल्यावर मागं जो फाटका आवाज सोडून जाते तो कानात राहतो. घोडावतांची कंपनी असल्यामुळं पब्लिक ह्या विमानाला "आपलं" म्हणतंय, एटीआर कितीही वेळा आलं तरी ते पाहुणंच.

बरं, हे सगळं रोजचं झालं. ज्याच्यासाठी माझ्यासारखी माणसं बाइक काढून येतात ते म्हणजे वेगळं काहीतरी. आणि इथं मामांचा विषय येतो.

मामा वर न बघता सांगतात. मी बसलेलो, मोबाईलवर विमान ट्रॅक करणारं अ‍ॅप उघडं, त्यात आजूबाजूला काहीच नाही, आणि मामा गाळणी आपटत म्हणाले, "ह्ये आपलं न्हवं. ह्ये बारकं हाय, पर लई कोकलतंय." दोन मिनिटांत पूर्वेकडनं एक विमान आलं, पंख वर, चौकोनी पेटीसारखं अंग, लांब नाक. डॉर्निअर 228! हे कानपूरला एचएएलमध्ये बनतं, नौदल, कोस्टगार्ड, हवाई दल सगळ्यांकडं आहे. ह्याचं इंजिन असं की आतला फिरणारा दांडा गिअरबॉक्समधनं पंख्याला थेट जोडलेला, त्यामुळं जमिनीवर नुसतं उभं असलं तरी पंखा जोरातच फिरतो आणि कानात सुई घातल्यासारखी किंकाळी येते. त्याच्या शेजारी किंग एअर उभं करा, ते नेत्यांचं आणि उद्योगपतींचं आवडतं, त्याच्यात इंजिन आणि पंखा वेगवेगळ्या टर्बाइनवर, म्हणून ते उभं असताना त्या मानानं सभ्य. त्याची धुराडी पुढं पंख्याजवळ असतात, दुर्बिणीतनं बघा, उलटं बसवल्यासारखं वाटतं.

अ‍ॅपवाल्या पोरांना इथं एक समजून घ्यायला पाहिजे. अ‍ॅपला काय दिव्यदृष्टी नसते. विमान स्वतःच 1090 मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, नंबर ओरडून सांगत असतं आणि खाली कुणीतरी हौशी माणसानं घरावर अँटेना लावलेला असला तर ते पकडलं जातं. फ्लाइटरडार24 सुद्धा 2006 ला स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांच्या हौसेतनंच सुरू झालं. विमानानं जागा सांगितलीच नाही तर चार-चार रिसीव्हरना एकदम सिग्नल लागायला लागतो, मग वेळेच्या फरकावरनं गणित करून जागा काढतात. लष्कराची विमानं मनात असेल तेव्हाच सांगतात, नसेल तर नाही. आणि विमान खाली असलं की डोंगर-टेकाडं आडवी येतात. म्हणजे झालं काय, जे विमान रोज वेळेवर येतं त्याची सगळी कुंडली अ‍ॅपवर, आणि ज्याच्या आवाजानं आपण चहा ठेवून उठतो नेमकं तेच तिथं नसतं. अ‍ॅप ठेवा, फुकटचं ठेवा, रोजच्या विमानांच्या वेळा बघायला कामाचं आहे कारण मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी वेळापत्रक बदलतं. पण पैसे भरून वरचं पॅकेज घ्यायच्या आधी तेवढ्यात एक बरी 8 बाय 42 ची दुर्बीण येते का बघा. 10 बाय 50 घेऊ नका, हात हलतो, जड पडते, आणि चहाचा ग्लास एका हातात असताना तर नाहीच.

फायटरचं वेगळं सांगतो. पुण्यात लोहगावला सुखोई, गोव्यात नौदलाच्या हंसा तळावर मिग-29के, आपण बरोब्बर मधे. ती काय इथं उतरत नाहीत, पण वरनं जाताना अधनंमधनं ऐकू येतात, ढगात गाडगी घरंगळल्यासारखं. नवीन माणूस आवाज येतो तिथं बघतो आणि तिथं काहीच नसतं. साधा हिशोब आहे, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, वर थंड हवेत त्याहून जरा कमीच. विमान 10 किलोमीटरवर असेल तर आवाज आपल्यापर्यंत यायला अर्धा मिनिट लागतो, तोवर ताशी 900 नं चाललेलं विमान सात किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून आवाजाच्या बरंच पुढं बघायचं. मामांना हे गणित कुणी शिकवलं नाही पण ते बोट बरोबर पुढं दाखवतात.

हेलिकॉप्टरं निवडणुकीत. 2024 च्या नोव्हेंबरात, विधानसभेला, गाडीवर बसायला जागा नव्हती, निम्मे बघे, निम्मे कार्यकर्ते, साहेब कुठल्या बाजूनं उतरणार ह्याच्यावर पैजा. त्यातनं एक शिकण्यासारखं, की हेलिकॉप्टर आवाजावरनं ओळखायचं झालं तर पाती मोजायची. बेल कंपनीच्या जुन्या दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरचा आवाज फट्-फट्-फट् असा सुटा येतो, छातीवर बसतो. चार पात्यांच्या बेल 412 चा जरा जवळ जवळ. पाच पात्यांचं एडब्ल्यू 139, जे मोठ्या नेत्यांना लागतं, ते घरघर करत येतं. उतरताना आवाज जास्त फुटतो कारण पुढच्या पात्यानं सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यावर मागचं पातं आपटतं. लष्कराच्या एमआय-17 ला पण पाचच पाती, पण व्यास 21 मीटरचा, त्याचा आवाज कानाआधी पोटात येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता तेव्हा आकाशात हेलिकॉप्टरं फिरत होती, त्या दिवसांबद्दल मामा-मावशी फार बोलत नाहीत. मावशीचं माहेर शिरोळ तालुक्यातलं.

आता माझं लाडकं. पियाजिओ अवंती. हे कधी येईल सांगता येत नाही, कुणाचं तरी चार्टर म्हणून येतं आणि जातं, पण आलं की एमआयडीसीतली माणसंसुद्धा शेडमधनं बाहेर येतात. पंखे मागं तोंड करून, मोठा पंख पार मागं सरकवलेला, नाकावर छोट्या मिशीएवढा आणखी एक पंख, बघताना वाटतं उलटं उडतंय काय. आणि आवाज! इंजिनाचा गरम धूर आणि पंखावरनं आलेली फाटलेली हवा सरळ मागच्या पात्यांवर जाते, म्हणून साधा घुर्र न येता एक चिरका सूर येतो, करवतीनं पत्रा कापतोय असला. मी आनंदानं उभा राहिलो तर शेजारचा टेम्पोवाला म्हणाला, "काय ओ, बिघडलंय का त्ये?" त्याला सांगितलं, दादा, तुमच्या आपे टेम्पोवाल्या पियाजिओचंच जुनं घराणं आहे हे, विमानाचा धंदा नंतर वेगळा झाला. तो टेम्पोकडं बघून म्हणाला, "तरीच."

जुन्यातलं विचाराल तर मामा अ‍ॅव्रोची नक्कल करून दाखवतात, तोंडानं, ओठ दाबून, फुकट. हवाई दलाचं अ‍ॅव्रो, त्याला रोल्स रॉईसची डार्ट इंजिनं, 1961 ला कानपुरात पहिल्यांदा उडालं आणि त्याची शिट्टी कोसावर ऐकू जायची. आता त्यांच्या जागी 56 सी-295 घेतलीत, पहिलं 2023 ला आलं, त्यामुळं अ‍ॅव्रो डोक्यावरनं जाताना ऐकलं तर चहा सोडून द्या पण ते सोडू नका. आणि सरकारच्या उडान योजनेतनं इथं विमान सुरू झालं तेव्हा, 2018 ला, एअर डेक्कनचं बीचक्राफ्ट 1900डी यायचं, शेपटीला एवढी जादाची पाती-पट्ट्या की जत्रेतनं सजवून आणल्यासारखं, ते बघितलेली माणसं गाडीवर अजून भाव खातात. आपल्या विमानतळाचं वय बघता हे काहीच नाही म्हणा, राजाराम महाराजांनी 1939 ला सुरू केलेला आहे तो, मधे वर्षानुवर्षं नुसतं गवत वाढलेलं पण आम्हीच बघितलंय.

तक्रारी. एक, हंगामात ऊस भरलेले ट्रॅक्टर जातात आणि त्यांच्यावरचे स्पीकर, देवा! दोन ट्रॉल्या, आठ बॉक्स, आणि गाणं असलं की सुखोई गेला तरी कळणार नाही. मामांना ह्याचा सगळ्यात जास्त राग. दोन, संडास-बाथरूमची सोय शून्य, घरच्या बायकामाणसांना घेऊन जाणार असाल तर आधी हायवेवर कुठंतरी थांबून या. तीन, धूळ. कॅमेऱ्याची लेन्स बदलायचा विचारसुद्धा करू नका. चार, मामा एकदा बोलायला लागले की चहा उतू जातो आणि मग मावशी बोलायला लागतात.

आणि एक सगळ्यांना विनंती, कुंपणाला चिकटू नका, जाळीत मोबाईल घालू नका, सिक्युरिटीवाले आले तर वाद घालू नका, ड्रोन तर घरीच ठेवा. एक पोरगं स्टाईल मारायला कुंपणावर चढलेलं, त्यानंतर काही दिवस पोलिसांची गाडी येऊन सगळ्यांनाच उठवत होती, धंदा बुडाला मामांचा. वरच्या विमानाचे फोटो काढा, आतल्या इमारतींचे, लष्कराचं काही उतरलं असेल तर त्याचे काढून नेटवर टाकू नका, मिरवायला दुसरं पुष्कळ आहे.

एकूण विमानासाठी पाचात साडेचार, अर्धा ऊसानं खाल्ला. सोमवारी गाडी बंद. सकाळी गेलात तर चहा ताजा पण भजी नाही, चारनंतर दोन्ही मिळतं. सुट्टे घेऊन जा, क्यूआर कोड लावलाय पण तो उन्हानं उडालाय, स्कॅन होत नाही आणि मामा म्हणतात उद्या द्या.